रानडुकरासाठी काडतूस कोणते, हे शिकारीच्या परवानगीतच लिहिले जावे

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत, मूळच्या आपल्याच जिल्ह्यातील आणि आता अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका गृहस्थांचा कोयोटीच्या शिकारीविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या पत्रव्यवहारात काही शेतकरी बांधवांनी अशी मागणी केली की, तिकडचे पशुपालक जी हलकी आणि अतिवेगवान गोळी वापरतात तीच आपल्याकडे रानडुकरांसाठी उपलब्ध करून द्यावी. या मागणीमागची तळमळ मला पुरेपूर ठाऊक आहे. भुदरगड तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आमचीही थोडी शेती आहे, आणि रात्रभर माळ्यावर बसून राखण करूनही सकाळी भुईमुगाचे वाफे नांगरल्यासारखे उकरलेले पाहावे लागणे म्हणजे काय, हे राधानगरी, आजरा, चंदगड, शाहूवाडी किंवा गगनबावडा भागातल्या कोणाही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. तरीही ही मागणी चुकीची आहे. ती मान्य झाली तर पीक वाचणार नाही, उलट जखमी जनावरांची आणि माणसांच्या जिवाची नवी काळजी आपल्या मागे लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे. मी सैन्यातून निवृत्त झालेला असून सध्या तरुणांना रायफल नेमबाजी शिकवतो. त्या अनुभवाच्या आधारे हा विषय सविस्तर मांडू द्यावा, ही विनंती.

कोयोटी हा उत्तर अमेरिकेतील प्राणी लांडग्याहून लहान आणि आपल्या कोल्ह्याहून काहीसा मोठा असतो. प्रौढ नराचे वजनसुद्धा सहसा वीस किलोच्या आतच भरते. तो मेंढ्यांची कोकरे आणि कोंबड्या पळवतो, म्हणून तिकडच्या बहुतेक राज्यांत त्याच्या शिकारीवर फारशी बंधने नाहीत. शिकारी मोकळ्या माळावर दबा धरून बसतो, घायाळ सशाचा आवाज काढून कोयोटीला जवळ बोलावतो आणि बऱ्याचदा शंभर ते अडीचशे मीटरवरून नेम धरतो. शिडशिडीत अंगाचे, हलक्या हाडाचे आणि क्षणभरही स्थिर न राहणारे जनावर एवढ्या अंतरावरून टिपायचे असल्यामुळे गोळीचा मार्ग शक्य तितका सपाट असावा लागतो. म्हणूनच .२२३ रेमिंग्टन, .२२-२५० रेमिंग्टन आणि .२४३ विंचेस्टर ही काडतुसे तिकडे लोकप्रिय आहेत. .२२३ मधील नेहमीची गोळी ५५ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला साडेनऊशे मीटरहून अधिक वेगाने नळीबाहेर पडते; .२२-२५० मधून तेवढ्याच वजनाची गोळी अकराशे मीटरच्या घरात जाते. .२४३ मध्ये याहून जड गोळी बसते आणि ती वाऱ्यात कमी ढळते, त्यामुळे वारा वाहत असेल तर पुष्कळसे अनुभवी शिकारी तिलाच पसंती देतात.

वेगाइतकीच महत्त्वाची बाब म्हणजे गोळीची घडण. आपल्याकडील चर्चेत तिचा उल्लेखच झाला नाही. कोयोटीसाठी बनवलेल्या गोळीवरचे तांब्याचे आवरण मुद्दाम पातळ ठेवलेले असते, टोकाशी पोकळी ठेवलेली असते किंवा प्लॅस्टिकची बारीक टोपी बसवलेली असते, आणि कातडीच्या आत थोडी शिरताच ती गोळी फुटून तिचे बारीक तुकडे व्हावेत अशी योजना असते. असे झाल्याने गोळीची सगळी शक्ती त्या लहानशा देहातच खर्ची पडून जनावर जागीच कोसळते. गोळी आरपार जात नाही म्हणून कातड्याला दुसऱ्या बाजूने भोक पडत नाही, आणि ज्याला फर विकायची आहे त्याचे नुकसान टळते. नेम चुकला तर तीच गोळी जमिनीवर आपटून फुटते, त्यामुळे उसळून दूर जाण्याचा धोका कमी होतो. मात्र ही गोळी कोयोटीच्या खांद्याच्या हाडावर अगदी जवळून लागली तर आत शिरण्याआधीच फुटते, नुसती मोठी उघडी जखम करते आणि जनावर पळून जाते, ही तक्रार तिकडचे शिकारीही करतात. पंधरा किलोच्या जनावराच्या बाबतीत जे कधीतरी घडते, ते शंभर किलोच्या जनावराच्या बाबतीत नेहमीच घडेल, याचा विचार आपण केला पाहिजे.

आपल्या डोंगरी भागातला पूर्ण वाढलेला नर, ज्याला आपण एकुलगा म्हणतो, तो शंभर किलोच्या आसपास सहज भरतो. त्याच्या खांद्यापासून बरगड्यांपर्यंत कातडीखाली एक चिवट, जाड थर असतो. माजावरच्या नरांच्या आपसातील झुंजींत समोरच्याच्या सुळ्यांपासून संरक्षण व्हावे म्हणून निसर्गाने दिलेले हे कवच वयाबरोबर जाड होत जाते, आणि त्यावर बहुधा वाळलेल्या चिखलाचा लेप असतो. शिवाय रानडुकराचे हृदय शरीरात बरेच खाली आणि पुढे, पुढच्या दोन पायांच्या मधोमध असते, तर आपल्याकडचा नवखा बंदूकधारी अंधारात दिसणाऱ्या काळ्या आकाराच्या मध्यावर, म्हणजे नेमका पोटावर नेम धरतो. पातळ आवरणाची साडेतीन ग्रॅमची गोळी त्या कवचावर फुटली तर फुप्फुसापर्यंत काहीच पोहोचत नाही, आणि पोटात लागली तर जनावर दोन-दोन दिवस तडफडते. त्यातच आपल्याकडे मोकळा माळ क्वचितच मिळतो. डुक्कर उसाच्या सरीतून किंवा बांधावरच्या गवतातून बाहेर पडत असते, आणि इतकी नाजूक गोळी उसाच्या एखाद्या कांड्याला चाटून गेली तरी तिथेच फुटते किंवा दिशा बदलते. जड गोळीही उसात ढळतेच. म्हणून उभ्या उसात गोळी झाडूच नये, हा नियम कोणत्याही काडतुसाला लागू आहे.

काही माजी सैनिक मित्रांचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. गोळी फुटत असेल तर न फुटणारी, पूर्ण धातूच्या आवरणाची वापरावी, असे ते सुचवतात. त्यांच्या अनुभवाचा मी आदर करतो, परंतु युद्धाचा आणि शिकारीचा हेतू वेगळा आहे. आघातानंतर पसरणाऱ्या गोळीचे नाव ज्या कारखान्यावरून जगभर पडले, तो डमडमचा कारखाना आपल्याच देशात, कोलकात्याजवळ आहे. अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत, असा ठराव १८९९ मध्ये हेगच्या परिषदेत झाला, कारण सैनिकाला लढण्यास असमर्थ करणे पुरेसे असताना त्याला अधिक यातना देणे त्या काळच्या राष्ट्रांना अमानुष वाटले. शिकारीत हाच मानवतेचा विचार नेमक्या उलट निष्कर्षाकडे घेऊन जातो. तिथे जनावर जखमी होऊन जगणे हीच यातना आहे, म्हणून गोळीने आत शिरल्यावर पसरावे आणि काही क्षणांत प्राण जावा अशी अपेक्षा असते. अमेरिकेतील अनेक राज्यांनी हरणासारख्या जनावरांसाठी पूर्ण आवरणाच्या गोळीला मनाई केली आहे, ती याच कारणाने. अशी गोळी डुकराच्या शरीरातून पेन्सिलीएवढे भोक पाडून निघून जाते, जनावर पळते आणि गोळी पुढे कोणाच्या वस्तीवर जाऊन पडेल याचा नेम राहत नाही.

आता आपल्या हाताशी काय आहे ते पाहू. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, आणि ती अपुरी पडते अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास किमान वीस इंच लांबीची, गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. म्हणजे पीक राखणाऱ्याच्या हाती रायफल असेल, असे कायद्याने मुळात गृहीतच धरलेले नाही. ज्यांच्याकडे रायफल आहे त्यांच्याकडे ती बहुधा .३१५ बोअरची, ईशापूरच्या कारखान्यात बनलेली असते, आणि तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली असतात. हे काडतूस जुन्या घडणीचे असल्यामुळे तरुण मंडळी त्याला नाके मुरडतात, परंतु मला ते योग्य वाटत नाही. त्यातील गोळी सुमारे २४४ ग्रेनची, म्हणजे कोयोटीच्या गोळीच्या चौपटीहून जड असते; वेग मात्र सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपासच असतो. टोकाशी शिसे उघडे ठेवलेली, ज्याला सॉफ्ट नोज म्हणतात ती गोळी घेतली तर ती कवच भेदून आत जाते, पसरते आणि तरीही अखंड राहून खोलवर पोहोचते. शंभर मीटरच्या आत रानडुकरासाठी याहून वेगळे काही शोधत बसण्याची गरज नाही.

अंतराची मर्यादा मात्र काटेकोर पाळली पाहिजे. शंभर मीटरला झिरो केलेल्या, म्हणजे त्या अंतरावर नेम अचूक जुळवलेल्या .३१५ ची गोळी दोनशे मीटरला जवळजवळ हातभर खाली येते, तर त्याच हिशेबाने .२२३ ची गोळी वीतभरही खाली येत नाही. वेगवान काडतुसाचा हा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण दोनशे मीटरवरचे डुक्कर रात्री बॅटरीच्या उजेडात ओळखता येते का, आणि त्याच्या पाठीमागे काय आहे हे दिसते का, या दोन्ही प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे नकारार्थीच आहेत. उजेडात चमकणारे डोळे वासराचे असू शकतात, राखणीच्या कुत्र्याचे असू शकतात किंवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षित असलेल्या गव्याचेही असू शकतात. म्हणून आपल्याला दोनशे मीटरच्या काडतुसाची गरजच नाही. आपली गरज पन्नास-साठ मीटरवर खात्रीने काम करणाऱ्या काडतुसाची आहे.

बारा बोअरच्या, म्हणजे छर्रे झाडणाऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीच्या बाबतीत तर परिस्थिती अधिक गंभीर आहे, कारण बहुसंख्य परवानाधारकांकडे तीच बंदूक आहे आणि तिच्या काडतुसांविषयी सर्वाधिक अज्ञान आहे. दुकानात जे मिळेल ते आणायचे आणि डुकरावर झाडायचे, असा प्रकार सर्रास चालतो. चार नंबरचे किंवा त्याहून बारीक छर्रे हे पाखरांसाठी असतात. ते डुकराच्या कातडीत अडकतात, जखमा चिघळतात आणि जनावर आजारी, चिडखोर होऊन वस्तीच्या आसपास फिरत राहते. ‘मारायचे नव्हते, नुसते हाकलायचे होते’ असे समर्थन यावर ऐकायला मिळते, पण हाकलण्यासाठी फटाका आहे, डबा आहे, आवाजाचे भोंगे आहेत. जिवंत अंगात शिसे पेरून कोणी हाकलत नाही. डुकरासाठी एलजी किंवा एसजी हेच जाड छर्रे योग्य आहेत, आणि तेही पंचवीस-तीस मीटरच्या आत, कारण त्यापुढे छर्रे इतके पांगतात की महत्त्वाच्या जागी पुरेसे लागत नाहीत. ठासणीच्या बंदुकीत सायकलीचे छर्रे, खिळ्यांचे तुकडे, मिळेल ते लोखंड भरण्याची पद्धत डोंगरकपारीत अजूनही आहे. त्यात नेमाचा प्रश्नच उरत नाही, आणि जुनी नळी फुटून धरणाऱ्याचेच बोट किंवा डोळा जाण्याची भीती असते ती वेगळीच.

यानंतर जमिनीचा प्रश्न येतो. माझ्या मते संपूर्ण विषयात तो सर्वांत महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत कित्येक किलोमीटरपर्यंत घर नसलेली कुरणे आहेत. आपल्या जिल्ह्यात अशी जागा कुठे आहे? शिरोळ आणि हातकणंगल्याच्या सपाट रानात गोळीला अडवणारा उंचवटाच नाही, आणि रायफलीची गोळी तीन किलोमीटरपर्यंत सहज जाऊ शकते. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या खोप्या रानातच पडलेल्या असतात, पहाटे चारला बैलगाड्या रस्त्यावर असतात, बायाबापड्या आणि लहान मुले फडाच्या कडेला झोपलेली असतात. अशा ठिकाणी रायफल पूर्णपणे वर्ज्य असावी, मग काडतूस कोणतेही असो. डोंगर उतारावरच्या शेतात परिस्थिती बरी असते, कारण माळ्यावरून खाली झाडलेली गोळी जमिनीतच शिरते. मात्र तिथेही जमीन कोणती हे पाहावे लागते. भाताच्या ओल्या खाचरातला चिखल गोळी गिळतो, पण जांभ्याचा उघडा कातळ तिला उसळवून लावतो, आणि उथळ कोनातून साचलेल्या पाण्यावर पडलेली गोळीही उसळते. पश्चिमेकडच्या तालुक्यांत खाचर आणि कातळ एकमेकांना लागूनच असतात. तेव्हा माळा कुठे बांधायचा, तो कोणत्या दिशेला तोंड करून असावा आणि गोळी कोणत्या पट्ट्यातच झाडायची, हे दिवसाउजेडी चालून, पाहून, खुणा करून ठरवले पाहिजे. माळा उंच बांधल्याने जनावराला माणसाचा वास कमी लागतो, हे जुन्या लोकांना माहीत होतेच. गोळी जमिनीकडे जाते हा त्याचा दुसरा, आज अधिक मोलाचा फायदा आहे.

जखमी जनावर सोडून देणे हा मला अक्षम्य गुन्हा वाटतो. जखमी डुक्कर रात्री उसात शिरते आणि दुसऱ्या दिवशी वैरण कापायला गेलेल्या बाईच्या अंगावर येते. तिने त्याला काहीही केलेले नसते, पण आदल्या रात्रीच्या चुकीच्या काडतुसाची किंमत ती मोजते. गावठी बॉम्बचा प्रकार तर याहून भीषण आहे. खाद्यात दडवून ठेवलेला तो गोळा चावताच जनावराचा जबडा उडतो, आणि खाता-पिता न येता ते दिवसेंदिवस झुरून मरते. तोच गोळा गाय चघळते, कुत्रा तोंडात धरून घरी आणतो, नाहीतर गुराख्याचे पोर चेंडू समजून उचलते. कुंपणात वीज सोडण्याच्या प्रकाराने माणसे दगावतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचतच असतो. कायदेशीर मार्ग अवघड आणि संदिग्ध राहिला की लोक या वाटांकडे वळतात, म्हणून कायदेशीर मार्ग स्पष्ट करणे अत्यंत निकडीचे आहे.

तो मार्ग कागदावर अस्तित्वात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ११ नुसार, माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका ठरलेल्या दुसऱ्या अनुसूचीतील जनावराच्या शिकारीची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून देऊ शकतो, आणि रानडुक्कर याच अनुसूचीत आहे. कोल्हा मात्र संरक्षित प्राणी आहे आणि तो शेतातले उंदीर खाऊन आपले भलेच करतो. तेव्हा कोयोटीचा लेख वाचून कोणी उसातल्या कोल्ह्यावर बंदूक रोखू नये, हे इथेच नोंदवतो. केंद्र सरकारने कलम ६२ खाली बिहारमध्ये रानडुक्कर व नीलगाय आणि उत्तराखंडमध्ये रानडुक्कर ठरावीक काळापुरते उपद्रवी घोषित केले होते, तसेच इथेही करावे अशी मागणी अधूनमधून होते. मला ती पटत नाही. उपद्रवी घोषित केलेल्या जनावराला कायद्याचे संरक्षणच उरत नाही, आणि मग कोण, कशाने, कुठे गोळी झाडतो यावर वनखात्याचे नियंत्रणही राहत नाही. त्यापेक्षा कलम ११ ची परवानगी लवकर मिळावी आणि ती नेमकी असावी, यासाठी आपण आग्रह धरला पाहिजे.

नेमकी म्हणजे कशी, तेही सांगतो. त्या परवानगीत कोणते शस्त्र, कोणते काडतूस, कमाल किती अंतर आणि जमिनीच्या कोणत्या गटातील कोणत्या दिशेला, हे स्पष्ट लिहिलेले असावे: .३१५ असल्यास सॉफ्ट नोज गोळी आणि शंभर मीटर, बारा बोअर असल्यास एलजी किंवा एसजी आणि तीस मीटर, सपाट रानात रायफल नाही. ज्याच्या नावे परवानगी आहे त्याने त्याच शस्त्रातून, त्याच काडतुसाने, ताटाएवढ्या निशाण्यावर लागोपाठ गोळ्या लावून दाखवल्याशिवाय ती अमलात येऊ नये. हे जाचक वाटेल, पण नेमबाजीत हे रोजचेच आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारातले खेळाडू एकाच कंपनीच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि ज्याचा ग्रुप घट्ट पडतो, म्हणजे ज्याच्या गोळ्या निशाण्यावर एकमेकींच्या अगदी जवळ लागतात, तोच लॉट घेतात, कारण एका नळीला जे काडतूस मानवते ते दुसरीला मानवेलच असे नाही. कागदी निशाण्यासाठी एवढी काळजी घेतली जाते, तर जिवंत जनावरासाठी ती का घेतली जाऊ नये? आपल्याकडे याउलट घडते. परवान्यावर काडतुसे मोजकी मिळतात म्हणून ती सरावात खर्च करायला कोणी धजत नाही, आणि वर्षानुवर्षे कपाटात ठेवलेली, पावसाळ्याची ओल खाल्लेली काडतुसे थेट शिकारीच्या रात्री बाहेर निघतात. पितळेवर हिरवट डाग आलेले काडतूस वापरू नये, आणि घोडा दाबूनही बार उडाला नाही तर निदान अर्धा मिनिट नळी सुरक्षित दिशेला रोखून धरावी, कारण ओलसर काडतूस कधीकधी उशिरा पेट घेते. सरावासाठी वेगळी, हिशेबी काडतुसे परवानाधारकाला मिळावीत अशी शिफारस जिल्हा प्रशासनाने केली, तर यातला मोठा अडथळा दूर होईल.

परवानगीत आणखी एक अट असावी असे मला वाटते: जनावर जखमी होऊन निसटले तर त्याच रात्री वनखात्याला आणि गावाला कळवणे, आणि उजाडताच जाणकार माग काढणाऱ्यासह त्याचा शोध घेणे. मेलेले डुक्कर कायद्याने सरकारची मालमत्ता ठरते, त्याचे मांस वाटून घेता येत नाही, याचीही अनेकांना कल्पना नसते. तो देह उघड्यावर टाकून देऊ नये, खोल खड्ड्यात गाडावा, कारण शिशाच्या गोळीचे सूक्ष्म कण मांसात पसरतात आणि ते खाणारी गिधाडे आणि इतर पक्षी विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियात काँडर या गिधाडासारख्या पक्ष्याचे याच कारणाने झालेले हाल पाहून तिथे १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीसाठी शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आली, आणि कोयोटीसुद्धा आता तिथे तांब्यासारख्या, शिसे नसलेल्या गोळीनेच मारावा लागतो. आपल्याकडे तशी गोळी आज सहज मिळत नाही; देह पुरणे मात्र आपल्या हातात आहे.

आपल्या दैनिकामार्फत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि उपवनसंरक्षक यांना माझी विनंती आहे की, येत्या गळीत हंगामापूर्वी पीक संरक्षणाचा शस्त्र परवाना असलेल्या शेतकऱ्यांसाठी तालुकावार एक दिवसाचे शिबिर घ्यावे, त्यात जुन्या काडतुसांची तपासणी करून निकामी काडतुसे जमा करून घ्यावीत, आणि प्रत्येकाची बंदूक प्रत्यक्ष झाडून पाहावी. अशा शिबिरात विनामोबदला शिकवण्यास मी तयार आहे, आणि माझ्या परिचयातील काही निवृत्त सैनिक व प्रशिक्षकही तयार आहेत. सुरुवात भुदरगड आणि राधानगरी तालुक्यांपासून झाली तर जागेची आणि निशाण्यांची व्यवस्था आम्ही करू; फक्त परवानगीचे पत्र आणि वनखात्याचा एक अधिकारी एवढेच हवे आहे.

आपला विश्वासू,
एक माजी सैनिक आणि रायफल प्रशिक्षक,
कोल्हापूर